डावा खांब

नॅरोज नर्सिंग ठाणं
१४ जून १९८३

प्रिय मायरन,

काल आईनं रेडिओफोनवरून सांगितलं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी ओरडले, "कितव्या फेरीत?" ती म्हणाली, "सहाव्या." मला वाटलं आवाज फाटला. पुन्हा विचारलं. पुन्हा सहाव्याच.

इथं रेडिओवर कोण काय बोलतं ते सगळं गाव कान लावून ऐकतं. आज सकाळी औषधाला आलेल्या म्हाताऱ्या इलायझानं आधी तुझी चौकशी केली, मग स्वतःच्या गुडघ्याची. "सहावी म्हणजे वाईट का गं?" मी म्हटलं, "पहिलीची आशा असली तर वाईट." ती म्हणाली, "मग आशा कुणी लावली होती?"

कुणी म्हणजे सगळ्यांनीच. नाताळात पेपरात छापून आलं होतं की यंदाच्या आइस हॉकीच्या ड्राफ्टमध्ये मोठे क्लब पाळीपाळीनं पोरांची नावं घेतील, तेव्हा पहिल्या दहांत बचावफळीतला मायरन हलुश्को असेल. डॅडनी ते कात्रण ट्रॅक्टरच्या काचेला आतून चिकटवलं होतं. मग नाताळ ते जून या काळात झालं काय? तुझा पाय मोडला नाही, तुला पोलिसांनी धरलं नाही, कोचची पोरगी तू पळवली नाहीस. (पळवली असलीस तर आईच्या आधी मला सांग.)

तळ्यावरच्या बर्फात तुला गोलसमोर उभं करून मीच चेंडू मारायचे. तुला मार लागला की तू रडायचास, पण जागा सोडायचा नाहीस. म्हणून विचारते. खरं लिही.

तुझी,
ओरिसा


डोब्रा, शेतावरून
२९ जून १९८३

प्रिय ओरिसा,

पत्र मिळालं. उशीर झाला, कारण दोनदा लिहून फाडलं. हे तिसरं.

तू विचारलंस, म्हणून क्रमानं सांगतो. हॉल मोठा होता. आई निळ्या ड्रेसमध्ये होती. डॅडनी तुझ्या पदवीच्या वेळी घातलेला कोट घातला होता, माझा नवा होता. बाहीवरचं लेबल काढायचं असतं हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या मुलाच्या आईनं दातानं दोरा तोडून ते काढून दिलं. तो मुलगा पहिल्या फेरीत गेला. त्या बाई परत आल्या नाहीत.

पहिली फेरी संपली तेव्हा डॅड म्हणाले, "बरं. दुसरी." दुसरी संपली तेव्हा त्यांनी कोट काढून मांडीवर ठेवला. चौथीच्या सुमाराला आईनं पर्समधून डबा काढला. बटाट्याचं सारण भरलेल्या थंड पेरोगी होत्या. आम्ही तिघांनी खाल्ल्या. माझं नाव आलं तेव्हा मंचावरचे झेंडे उतरवायला सुरुवात झाली होती. डॅडनी टाळ्या वाजवल्या. हॉल रिकामा होता, त्यामुळे त्या फार मोठ्यानं वाजल्या.

तुला वाटेल मी रडलो असेन. नाही रडलो. स्केट घट्ट बांधले की पायाची बोटं कशी होतात, असतात पण कळत नाहीत, तसं वाटतंय. जेवतो, झोपतो, गवत कापतो.

आता कारण. ड्राफ्टच्या आधी एका क्लबच्या तिघांनी मला हॉटेलच्या खोलीत बोलावलं होतं. मधला जाडा माणूस चांगला होता. तो म्हणाला, "पोरा, दोन जण अंगावर चालून आले आणि मागं तू एकटाच असलास तर काय करायचं, हे दहा वर्षांच्या मुलालाही येतं. मारणारा गोलकीपरचा, त्याच्या जोडीदाराकडं जाणारा पास तुझा. तू मारणाऱ्याच्या अंगावर का धावतोस?"

मी म्हटलं, "चूक होते."

तो म्हणाला, "एकदा झाली तर चूक. तू जानेवारीपासून रोज करतोयस. कोचनं सांगितलंय का? तसं असेल तर आम्ही तसं लिहून घेतो आणि विषय संपला."

मी म्हटलं, "नाही. माझं मीच करतो."

त्यानं समोरची वही मिटली. मग म्हणाला, "ठीक आहे, बाळ. दार ओढून घे."

हेच कारण. मी दार ओढून घेतलं.

तुझा,
मायरन

ता.क. एक विचारायचं राहिलं. आमच्या टीममधल्या एका मुलाला हिवाळ्यात डोळ्याजवळ काठी लागली होती. त्याला एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं दिसतं. ते आपोआप बरं होतं का? घाई नाही.


नॅरोज
१५ जुलै १९८३

मायरन,

घाई नाही म्हणे! "टीममधल्या एका मुलाला" म्हणे!

मी सहा वर्षं नर्स आहे. पुरुषांना स्वतःला कधीच काही होत नाही, नेहमी मित्राला होतं. परवाच एक जण "मित्राच्या" मूळव्याधीचं औषध घेऊन गेला. बैस म्हटलं तर बसला नाही.

तुझ्या पत्राबरोबर आईचंही पत्र आलं, त्यात पेपराचं नवं कात्रण होतं. एका परीक्षकानं म्हटलंय: "हा मुलगा आपली उजवी बाजू सोडून सतत डावीकडे सरकतो. उजवीकडे काही आहे हे त्याला दिसतच नाही जणू." वाचलं आणि तुझा ता.क. पुन्हा काढून बघितला. तुझा उजवा डोळा गेलाय, आणि तू तो त्या जाड्या माणसापासून लपवलास. आईपासून, माझ्यापासूनसुद्धा.

आत्ता उठ. अंगणात जा. डावा डोळा झाक आणि शेजाऱ्यांच्या पवनचक्कीची पाती मोज. मग उजवा झाक आणि पुन्हा मोज. लबाडी करू नकोस. पंधरा ऑगस्टपर्यंत उत्तर आलं नाही तर मी आईला रेडिओवरून सांगेन, आणि मग सगळ्या उत्तरेला कळेल.

आपोआप बरं होत नाही. बाकी तुझं उत्तर आल्यावर.

ओरिसा


डोब्रा
२ ऑगस्ट १९८३

प्रिय ओरिसा,

पाती दोन्ही डोळ्यांनी नीट दिसली. माझा डोळा ठीक आहे. शपथेवर लिहितो.

आईला काही सांगू नकोस. तुला सगळं सांगतो, पण हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ज्याच्याबद्दल आहे त्यालाही नाही.

तो मुलगा म्हणजे डेल ओस्टबी, आमचा गोलकीपर. नॉर्थ फोर्कला आम्ही दोघं मिसेस थोरसनकडं एकाच खोलीत राहतो हे तुला माहीत आहे. मी सोळाव्या वर्षी तिथं गेलो तेव्हा पहिला महिनाभर रोज उशीत तोंड घालून रडायचो. डेल दुसऱ्या खाटेवर असायचा. त्यानं कधी विचारलं नाही की रडतोस का. तो आपला बडबडत राहायचा, रबरी चकतीचं गणित, कोण कसा मारतो, आणि मला झोप लागेपर्यंत थांबायचा नाही. सकाळी माझं आडनाव आखूड करून म्हणायचा, "हाली, तुझ्या घोरण्यानं माझी झोप गेली." टीममध्ये मला एकदाही "आईचं बाळ" कुणी म्हणालं नाही. का म्हणालं नाही ते मला नंतर कळलं.

जानेवारीत एका गर्दीत काठीचं टोक त्याच्या मुखवट्याच्या जाळीतून आत गेलं. चार दिवस डोळा सुजला होता. मग क्लबच्या डॉक्टरनं कपडे बदलायच्या खोलीत रांगेत सगळ्यांचे डोळे तपासले. डेल माझ्या पुढं होता. डॉक्टर म्हणाला, "एक डोळा झाक." त्यानं डाव्या हातानं डावा डोळा झाकून सगळी अक्षरं वाचली. डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाला, "आता दुसरा." डेलनं हात बदलला. डोळा बदलला नाही. उजव्या हातानं पुन्हा डावाच झाकला. डॉक्टरनं मान वर केली नाही.

मी मागं उभा होतो. मी पाहिलं. डेलला ते माहीत नाही.

मग घरात दिसायला लागलं. त्याचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागतो. दूध ओततो ते पेल्याच्या बाहेर पडतं. मिसेस थोरसन म्हणतात, "प्रेमात पडलाय, दुसरं काय!" मी पेला धारेखाली सरकवतो. कुणाच्या लक्षात येत नाही.

बर्फावरही मी तेच केलं. त्याच्या डाव्या बाजूनं कुणी मारायला आला की त्याला दिसत नाही. उजवीकडचा पास दिसतो. म्हणून मी मारणाऱ्याच्या अंगावर जायचो आणि पास त्याच्याकडं सोडायचो. खेळ आमच्या टोकाला आल्यावर तो काठीनं दोन्ही खांबांवर टकटक करतो, गोल कुठं आहे ते कळायला. जानेवारीपासून डाव्या खांबावर दोनदा करायला लागला. दोनदा ऐकलं की मी डावीकडं सरकायचो. पायांना सवयच लागली.

त्याला वीस वर्षं पूर्ण झाली. या वयोगटाच्या लीगमधलं यंदाचं वर्ष शेवटचं. गोल राखण्याखेरीज त्याला काही येत नाही असं तो स्वतःच म्हणतो. म्हणून मी त्या माणसाला "चूक होते" म्हटलं.

आता तू सांग. आपोआप बरं होत नाही, तर कशानं होतं?

मायरन


नॅरोज
२४ ऑगस्ट १९८३

माझ्या बाळा,

पत्र तीनदा वाचलं. तुझ्यावर आरडाओरडा केला त्याबद्दल माफ कर. आईला काही सांगितलं नाही.

तू विचारलंस ते सांगते. मी डॉक्टर नाही आणि डोळा पाहिलेला नाही, पण पडदा ओढल्यासारखं म्हणजे बहुधा डोळ्याच्या आतला पडदा फाटून सुटत चाललाय. लवकर कळलं, काही आठवड्यांत, तर शहरात शस्त्रक्रिया करून पुष्कळदा वाचवता येतो. फार दिवस गेले तर नाही वाचत. जानेवारीपासून आता ऑगस्ट.

पुढचं वाक्य लिहू की नको असं झालंय. त्यानं जानेवारीत डावीकडून चार गोल खाल्ले असते, तर दुसऱ्या दिवशी त्याला कुणीतरी खऱ्या डॉक्टरकडं नेलं असतं.

खोडणार होते. खोडत नाही. तू एके दिवशी हे शोधून काढशीलच, आणि एकट्यानं सापडण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

यात तुझा दोष नाही. दोष काठीचा आहे, वर न बघणाऱ्या डॉक्टरचा आहे, डेलचा स्वतःचाही आहे. पण आता त्याच्याकडं एकच डोळा उरलाय आणि चकती न दिसणाऱ्या बाजूनं येते. ती पुढच्या वेळी कुठं लागेल? तू उद्या नसलास आणि दुसरा कुणी असला तर?

त्याला डॉक्टरकडं जायलाच हवं. कसं ते तू ठरव. तू त्याला ओळखतोस.

ओरिसा


नॉर्थ फोर्क
१८ सप्टेंबर १९८३

प्रिय ओरिसा,

तुझं पत्र मिळालं. लगेच लिहायला जमलं नाही. काही कारण नव्हतं. टेबलाशी बसायचो आणि उठायचो.

ज्या क्लबनं मला सहाव्या फेरीत घेतलं, त्यांच्या शिबिराला जाऊन आलो. त्यांनी परत पाठवलं. वाईट वागले नाहीत. म्हणाले, "स्केटिंग आहे, डोकं आहे, हात आहेत. जागेवर राहायला शिकून ये. नाताळनंतर माणूस पाठवतो. तेव्हाही असाच भटकताना दिसलास तर करारावर सही होणार नाही." म्हणजे मला नाताळपर्यंत मुदत.

डेलही आलाय. काल जेवताना त्यानं पेपर मोठ्यानं वाचला. "जानेवारीनंतर अख्ख्या लीगमध्ये डेल ओस्टबीइतके कमी गोल कुणी खाल्ले नाहीत. ऐकलंस का, हाली? ओस्टबीचं स्पेलिंगसुद्धा बरोबर आहे!" मिसेस थोरसननी त्याला आणखी एक मटणाचा तुकडा वाढला. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी मलाही शिबिराला बोलावणारायत." मग हळूच मला म्हणाला, "मला वाटलं होतं, माझं संपलं. तुला सांगू? आता मी पूर्वीपेक्षा चांगला खेळतो."

मी तेव्हा सांगणार होतो. वाक्य ठरवून ठेवलं होतं. त्यानं दुधाचा जग उचलला आणि मी पेला सरकवला.

तुझं ते न खोडलेलं वाक्य मला पाठ झालंय. ते आठवलं की काही वाटायला हवं. वाटत नाही. बर्फावर पडल्यावर कुठं लागलं ते जसं आधी बघावं लागतं, तसं मी बघतो. काही सापडत नाही.

मला दोनच रस्ते दिसतात. एक, त्याला तोंडानं सांगायचं. तो नाही म्हणेल, हसेल, आणि पुढं लपवील. दुसरा, काही न बोलता आपल्या जागेवर राहायचं. मग सगळ्यांनाच दिसेल. आमच्या रिंकचं शीतयंत्र दुरुस्तीला काढलंय, म्हणून हंगाम उशिरा, बावीस ऑक्टोबरला सुरू होतोय. त्याच्या आत मला सांग, कुठला रस्ता. मी तू म्हणशील तसं करीन. मला स्वतःला ठरवता येत नाही, कारण दुसऱ्या रस्त्यानं गेलो तर माझा फायदा होतो.

वाट बघतो.

मायरन


नॅरोज
९ ऑक्टोबर १९८३

मायरन,

तुझं पत्र आज आलं, इतका उशीर! तळ्याच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरलाय. पाण्यावर उतरणारं शेवटचं विमान उद्या येणार म्हणतात. तळं पुरतं गोठून त्यावर चाकांऐवजी घसरपट्ट्या असलेलं विमान उतरेपर्यंत मग काही येत नाही, काही जात नाही. रेडिओवर हे बोलता येणार नाही. तू "डेल" म्हटलंस की इलायझाच मला दुसऱ्या दिवशी विचारेल, त्याचा डोळा कसा आहे.

तेव्हा थोडक्यात. बर्फावर नको. लोकांसमोर नको. घरी सांग, स्वयंपाकघरात, टेबलाशी बसून. "मी डॉक्टरच्या रांगेत तुझ्या मागं होतो" एवढंच म्हण. तो हसेल, चिडेल, जग फेकून मारील. मारू दे. पण त्याला सगळ्यांच्या आधी, एकट्याला कळू दे. माणसाला काय नाही ते सांगताना दार लावावं लागतं, हे मी इथं शिकले.

आणि तुझा फायदा होतो म्हणून खरं खोटं होत नाही. तेवढं डोक्यातून काढ.

धावत धक्क्यावर जाते.

ओरिसा


नॉर्थ फोर्क
२४ ऑक्टोबर १९८३

प्रिय ओरिसा,

तुझं उत्तर आलं नाही. आई म्हणाली, तुमच्याकडं तळं गोठतंय. मी शनिवारी दुपारपर्यंत पोस्टात जाऊन बघत होतो.

शनिवारी खेळलो. मी जागेवर राहिलो.

पहिल्या भागात काही झालं नाही. दुसऱ्यात डेलनं डाव्या खांबावर दोनदा वाजवलं. मी ऐकलं. माझे पाय निघाले होते, मी उजव्या बाजूच्या रेषेकडं बघत राहिलो. डावीकडून एकानं मारलं. फार जोरात नव्हतं. डेलचा हात चकती जाळीत गेल्यावर उठला.

आमचा कोच बाकावरून ओरडला, "हलुश्को! आज कुणी खिळे ठोकले का तुझ्या बुटांना? असाच राहा!" सगळे हसले. मीही हसलो असेन.

आणखी तीन तसेच गेले. तिसऱ्यानंतर लोक सुरू झाले. "ए ओस्टबी, उशी आणू का?" "अरे, ते गोल तुझ्या मागं आहे, मागं!" कुणीतरी पॉपकॉर्नचा डबा टाकला. डेल दर वेळी खांबावर दोनदा वाजवत होता, मग माझ्याकडं बघत होता. बघायला त्याला सगळी मान वळवावी लागते. चौथ्यानंतर त्यानं वाजवणं बंद केलं. कोचनं त्याला बाहेर काढलं.

काल सकाळी मिसेस थोरसन चर्चला गेल्या होत्या. आम्ही दोघंच टेबलाशी होतो. त्यानं दूध ओतलं. मी पेला सरकवला नाही. दूध टेबलावर पसरलं आणि कडेवरून खाली ठिबकायला लागलं.

तो म्हणाला, "तू आला नाहीस."

मी म्हटलं, "नाही."

"आधी यायचास."

"हो."

"कधीपासून?"

"डॉक्टरच्या रांगेपासून. मी तुझ्या मागं होतो."

त्यानं जग खाली ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मला वाटलं होतं, तो ड्राफ्टबद्दल काही म्हणेल, किंवा डोळ्याबद्दल. तो म्हणाला, "म्हणजे तो मी नव्हतोच."

मला आधी कळलं नाही.

"पेपरात आलं तो. सगळ्यात कमी गोलांचा. एका डोळ्यानंही जमतंय म्हणून मी रात्री झोपत होतो, हाली. तो मी नव्हतोच."

मग त्यानं फडकं आणून दूध पुसलं. मी उठलो तर म्हणाला, "बस तू. माझं आहे."

आज सकाळी तो कोचकडं गेला आणि स्वतःच सांगून आला. दुपारच्या बसनं शहरातल्या इस्पितळात गेला. त्याची खाट रिकामी आहे. मिसेस थोरसन मला विचारतात, "तुला ठाऊक होतं का रे?" मी म्हटलं, हो. त्यांनी त्याच्या उशीचा अभ्रा काढून नेला.

तू काय लिहिलं होतंस?

मायरन


नॅरोज
१९ नोव्हेंबर १९८३

मायरन,

आज पहिलं विमान उतरलं. माझं नऊ ऑक्टोबरचं पत्र इतके दिवस धक्क्यावरच्या शेडमध्ये होतं. दहा तारखेला विमान आलंच नाही. आज जाणाऱ्या टपालाची थैली चढवून झाल्यावर वैमानिकानं नव्या टपालातलं तुझं पत्र माझ्या हातात दिलं. तिथंच उघडून वाचलं. जुनं परत मागायला धावले तर थैलीला सील लागलं होतं. "बाई, सीलबंद टपाल मी माझ्या आईलाही देत नाही." हे पत्र मात्र खिशात घालून न्यायला तयार झालाय. पंखा फिरतोय आणि मी गुडघ्यावर लिहितेय.

दोन्ही तुला एकदमच मिळतील. जुनं वाचू नकोस.

वाचशीलच. तर एवढं लक्षात ठेव, ते लिहिलं तेव्हा मी उबदार खोलीत बसले होते आणि मला कुणी खांब वाजवून बोलावत नव्हतं.

तू विचारलंस, मी सांगितलं, आणि ते तुझ्यापर्यंत पोचलं नाही. याचा माझा वाटा मी उचलते.

त्याच्या डोळ्याचं काय झालं?

तुझी,
ओरिसा


नॉर्थ फोर्क
१८ डिसेंबर १९८३

प्रिय ओरिसा,

दोन्ही पत्रं एका दिवशी आली. तारखेप्रमाणं लावली आणि जुनं आधी वाचलं. बर्फावर नको, लोकांसमोर नको. दोनदा वाचून घडी घालून ठेवलं. तुझा त्यात काही वाटा नाही.

डेलचा डोळा वाचला नाही. इस्पितळात म्हणाले की लवकर आला असतास तर. पुढचं त्यांनी सांगितलं नाही म्हणे, आणि त्यानं विचारलं नाही. उजवा चांगला आहे. तो घरी गेला, काकाच्या धान्याच्या कोठारावर कामाला लागला. त्याची खाट आता नव्या गोलकीपरला दिलीय. सतरा वर्षांचा आहे. पहिल्या रात्री उशीत रडत होता. मी काय बोलायचं ते आठवून बघितलं, आणि मग कोण कसा मारतो ते सांगत राहिलो. झोपला.

क्लबचा माणूस नाताळची वाट न बघता आला. तोच जाडा माणूस, आता या क्लबात आहे. म्हणाला, "काय रे, सापडली का जागा?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "हेच मार्चमध्ये दाखवलं असतंस तर पहिल्या फेरीत होतास, गाढवा." सही जानेवारीत होईल. डॅडनी ट्रॅक्टरच्या काचेवरचं जुनं कात्रण काढलं नव्हतंच. नवं त्याच्याखाली लावलंय. मला आनंद झाला का, असं आईनं विचारलं. मी हो म्हटलं.

काल डेलच्या गावाजवळ सामना होता. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. वॉर्म-अपच्या वेळी दिसला, आमच्या गोलच्या मागं, काचेला लागून. टोपी डाव्या बाजूनं खाली ओढली होती.

शेवटच्या भागात दोन जण आले आणि मी एकटा. मारणारा डावीकडून. मी जागेवर होतो, पण माझे पाय निघाले. अजून निघतात. एक पाऊल डावीकडं गेलंच. तेवढ्यात मागच्या काचेवर दोनदा टकटक झाली, मुठीनं, जोरात. पूर्वी त्याचा अर्थ "ये" असा होता. मी परत आपल्या जागेवर गेलो. पासची वाट अडवली. मारणाऱ्यानं मारलेली चकती नव्या पोरानं छातीवर घेतली.

सामन्यानंतर तो दाराशी उभा होता, थर्मास घेऊन. म्हणाला, "सांगितलेलं समजतं की तुला."

मी म्हटलं, "तू का आलास?"

"घराजवळ हॉकी आहे, का येऊ नको? आणि तोंड असं का? जिंकलायस ना!" मग म्हणाला, "तो पोरगा डाव्या खांबाला फार चिकटतो. सांग त्याला."

"सांगतो."

त्यानं दोन कागदी पेले काढले, एक माझ्या हातात दिला, दुसरा स्वतः धरला. थर्मास उचलला. माझा रिकामा हात सवयीनं त्याच्या पेल्याखाली गेला. मग मी तो हात खिशात घातला.

आता तो थर्मासची कड पेल्याच्या कडेला आधी टेकवतो, मग ओततो. स्वतःचा भरला, मग माझा. एक थेंब सांडला नाही.

बस निघाली तेव्हा पायाची बोटं पुन्हा कळायला लागली, आणि दुखायला.

तुझा,
मायरन